बिनकाचेची नाडीपट्टी

केतकी गायधनीचा तयार वस्तूंवर काडीचाही विश्वास नव्हता. तयार पुरणपोळीत पुरण कमी, तयार मसाल्यात भुसा जास्त आणि तयार कपाटाच्या पाठीला पुठ्ठा, हे तिचं ठाम मत होतं. नाशिकमधल्या तिच्या छोट्याशा फ्लॅटमधला पंखासुद्धा तिने आधी उघडून, आतली तार तांब्याचीच आहे ना ते बघून मग लावून घेतला होता. लोक तिला संशयी म्हणत. ती म्हणे, "मी चौकस आहे." आता चौकस आणि संशयी यांच्यातली रेघ नेमकी कुठे असते, ते तिला कोणी विचारलं नाही आणि तिनेही कधी मनावर घेतलं नाही.

त्यामुळे तिच्या कंपनीने जेव्हा कळवलं की यापुढे प्रत्येक दुभाष्याकडे नाडीपट्टीचा लॅपटॉप हवाच, आणि असा लॅपटॉप आमच्याकडे भाड्याने मिळेल, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आमच्याकडेच का बरं?" ती मोबाइलच्या स्क्रीनलाच म्हणाली. "इथंच पाणी मुरतंय."

तिचं काम होतं मधे बसायचं. सुरगाण्याकडचा एखादा रुग्ण गावातल्या दवाखान्यात स्क्रीनसमोर बसे, डॉक्टर चेन्नईत किंवा कोलकात्यात असे आणि दोघांच्या मधे घरबसल्या केतकी. "पोटात मुरडा येतो" आणि "पोटात कळ येते" यांत फरक काय, हे त्या डॉक्टरला कळावं, म्हणून. भाषांतर करणारी यंत्रं भरपूर होती, पण त्यांनी दोनचार वेळा भलतंच काहीतरी डॉक्टरच्या गळी उतरवल्यावर कायदा झाला होता की ऑपरेशनची संमती घेताना मधे जिवंत माणूसच पाहिजे.

आता जिवंत माणूस आहे हे ओळखायचं कसं? चेहरा आणि आवाज तर शाळकरी पोरंही खोटे बनवत होती. म्हणून नाडीपट्टी आली. लॅपटॉपच्या कळफलकाखाली जिथे आपण तळहात टेकतो, तिथे बोटभर लांबीची ही पट्टी बसवलेली असे. ती कातडीत हिरवा प्रकाश सोडी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की तळहातात रक्त भरतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, ठोका ओसरला की पुन्हा वाढतो. या चढउताराची लाट बनते. चित्राला रक्त नसतं, त्यामुळे चित्राला लाट नाही. इतकी साधी गोष्ट.

पण लाटेतून आणखी एक गोष्ट दिसत असे. माणूस घाबरला, काही लपवायला लागला की हाताच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. परीक्षेच्या वेळी हात गार पडतात ते यामुळेच. वाहिन्या आकसल्या की लाटेची उंची घटते. हे बघायची कायद्याने परवानगी नव्हती, पण परवानगी नाही म्हणून थांबणारी माणसं आपल्याकडे जन्माला यायची आहेत. कुणीतरी 'खरंखोटं' नावाचा प्रोग्राम काढला आणि फुकट वाटला. लाट उंच असली की रेघ हिरवी, घटली की लाल. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'केवळ करमणुकीसाठी.' ते कोण वाचतो!

केतकीने ठरवलं, लॅपटॉप आपणच जुळवायचा. त्या काळात सांगाडा मोकळा मिळायचा, त्याच्या खोबण्या ठरलेल्या मापाच्या असत आणि कुठल्याही कंपनीचा भाग कुठेही बसायचा. भाड्यापेक्षा हे निम्म्याहून स्वस्त पडणार होतं. ती पिशवी आणि भिंग घेऊन एम. जी. रोडवर भावसारकाकांच्या दुकानात गेली.

"काका, बॅटरी नवी म्हणता, मग स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे कसे?"

"ताई, भिंग घेऊन येणारं तुम्हीच पहिलं गिऱ्हाईक."

"म्हणजे जुनी आहे."

"जुनी आहे हो. पण दणकट आहे. किंमत तरी बघा!"

काका कबूल झाले याचाच तिला इतका आनंद झाला की तिने ती बॅटरी घेऊनही टाकली. स्क्रीन कुठल्याशा बंद पडलेल्या क्लासच्या लिलावातला, कळफलक नवा, बोर्ड वापरलेला पण तपासलेला. नाडीपट्टी मात्र कोरी करकरीत हवी होती, ती घेतली. मग काकांनी एक इवलीशी काच पुढे केली.

"ही पट्टीवर बसते. वेगळी घ्यावी लागते."

"एवढ्याशा काचेला एवढे?" केतकीचे डोळे विस्फारले. तेवढ्या पैशांत मेमरी दुप्पट होत होती. "नसली तर पट्टी चालत नाही का?"

"चालते की. पण खोबणीत उघडी राहील. धूळबीळ बसेल."

"माझ्या घरात धूळ नसते," केतकी म्हणाली आणि तिने मेमरी घेतली.

दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून तिने सगळं जुळवलं. कंपनीच्या चाचणीत तिचा लॅपटॉप पहिल्या फटक्यात पास झाला. त्या दिवशी तिने स्वतःसाठी शिरा केला, एकटीने खाल्ला आणि लॅपटॉपकडे बघत बसली. खरं तर हे कौतुक सांगायला ती आईला फोन करायची. आई जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी हात मोबाइलकडे गेलाच.

आईचं जाणं केतकीच्या मनात अडकून बसलं होतं. आई सिन्नरला दादाकडे असायची. वैशाखातल्या एका संध्याकाळी दादाचा फोन आला, "निघ, आईचं बिघडलंय." केतकी मिळेल त्या गाडीने निघाली आणि पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. तृप्तीवहिनीने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "दुपारपर्यंत छान होत्या गं. संध्याकाळी एकदम बिघडलं, लगेच तुला फोन केला. काही त्रास झाला नाही त्यांना. शांत झोपल्यासारख्या गेल्या." केतकीने ते ऐकलं होतं, मान हलवली होती. पण सिन्नर काही लांब नाही. लगेच फोन केला असता तर आपण पोचलो नसतो का, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या डोक्यात होता.

दसऱ्याला ती सिन्नरला गेली. लॅपटॉप सोबत होता, कारण सुट्टीतही कधी कॉल येईल सांगता येत नसे. दादाचं, म्हणजे सारंगचं, घरामागेच छोटं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला वहिनीने ओट्यावर पाट मांडून सगळी हत्यारं ओळीने ठेवली होती. पाने, ड्रिल, हातोडे, बारीक मापं घ्यायचा दादाचा लाडका व्हर्नियर, स्वयंपाकघरातली विळी, शिलाई मशीन. सगळ्यांना झेंडूची फुलं. आतल्या लेथलाही हार घातला होता.

"वन्सं, तुमचं शस्त्र कुठंय?" वहिनीने हाक मारली. ती केतकीच्याच वयाची, एरवी तिला नावाने हाक मारायची, चेष्टेत आली की वन्सं म्हणायची.

"माझं कुठलं आलंय शस्त्र?"

"अगं तो लॅपटॉप! पोट त्याच्यावर चालतं ना तुझं? आण इकडे."

केतकीने आणून दिला. मग तिचा जीव वरखाली व्हायला लागला. "वहिनी, स्क्रीनला नको हं. आणि कळांवर अक्षता नकोत, आत जातील."

"बरं बाई. मग इथे लावते, हात टेकायच्या जागी. तुझ्या हाताला यश येईल." वहिनीने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि अनामिकेने भरपूर हळदकुंकू लावलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून केतकीला पुढे काही बोलवेना. संध्याकाळी तिने ओढणीच्या टोकाने ते पुसून टाकलं. वरवर तरी सगळं स्वच्छ झालं.

दसऱ्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे सुस्तावून बसले होते. केतकीने 'खरंखोटं' उघडलं. "वहिनी, गंमत दाखवते. इथे हात ठेव. मी विचारते त्याचं उत्तर द्यायचं."

"लग्न ठरवतेस की काय माझं?" वहिनीने हसत हात ठेवला.

"मी केलेली भाजी आवडली?"

"हो गं, छान झाली होती."

रेघ लालभडक. दादा खो खो हसत सुटला, कारण भाजी खारट झाली होती आणि त्याने ताटात तशीच ठेवली होती. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायला लागली. केतकीही हसली, पण हसता हसता तिच्या तोंडून भलताच प्रश्न निघून गेला. तो विचारायचा असं तिने ठरवलं होतं की नाही, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

"वहिनी, आईचं बिघडल्यावर मला लगेच फोन केला होतात ना?"

वहिनीचं हसू थांबलं. "लगेच म्हणजे... हो. लगेचच."

लाल.

"आमटी उतू जाईल," असं म्हणत वहिनीने हात काढून घेतला आणि आत गेली. जेवणं तर कधीच झाली होती. आमटी कसली उतू जातेय?

नाशिकला परतल्यावर तिने आधी यंत्राची परीक्षा घेतली. ती चौकस होती ना! स्वतःचा हात ठेवून म्हणाली, "माझं नाव केतकी." हिरवी. "माझं नाव तृप्ती." रेघ घसरून लाल झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे यंत्र बरोबर होतं. तिने स्वतःच्या हातांनी जुळवलेलं होतं, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. दुसऱ्या कुणाचा हात घेऊन, त्याला नुसतं त्याचं नाव विचारून बघावं, एवढं मात्र तिला सुचलं नाही.

आठवड्याने दादा बेअरिंग घ्यायला नाशिकला आला आणि जेवायला थांबला. ताट वाढायच्या आधी तिने लॅपटॉप पुढे सरकवला.

"दादा, हात ठेव ना जरा. आई गेली त्या दिवशी तिचं नेमकं कधी बिघडलं?"

"हे काय मधेच? संध्याकाळी. मी वर्कशॉपमधून आलो तर तृप्ती म्हणाली, आईंचं ठीक दिसत नाही. तुला फोन लावला आणि डॉक्टरांकडे पळालो."

लाल. दादाच्या आवाजात कुठे कापरं नव्हतं, नजर चुकवणं नव्हतं, पण केतकी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. दोघं मिळून आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, हे तिच्या मनाने घेतलं. दादा भात मागत होता तरी तिचं लक्ष नव्हतं.

मग तिला ते वेडच लागलं. शेजारच्या देशमानेकाकू मोबाइलवर आलेला फॉर्म भरून घ्यायला आल्या. त्यांचा हात पट्टीवर टेकवून तिने सहज विचारलं, "काकू, माझं पार्सल तुमच्याकडे नाही ना आलं?" "नाही गं बाई." लाल. दुसऱ्या दिवसापासून तिने काकूंकडून विरजण आणणं बंद केलं. भावसारकाकांच्या दुकानात लॅपटॉप नेऊन त्यांना विचारलं, "बोर्ड खरंच तपासला होता?" "तुमच्यासमोर तपासला ना ताई!" लाल. जिन्यातला वॉचमन लाल, सोसायटीचे सेक्रेटरी लाल. ज्याचा हात टेकेल तो खोटारडा. सबंध नाशिक खोटं बोलतंय आणि एक केतकी गायधनी तेवढी खरी, असा प्रकार झाला. एखाद्याला यात काहीतरी चुकतंय असं वाटलं असतं. केतकीला वाटलं, आपल्याला आधीपासून जे वाटत होतं तेच खरं निघालं. तिला त्याचं समाधानही होतं आणि घरात पाऊल टाकलं की रडूही येत होतं.

धनत्रयोदशीच्या दिवशी वहिनीचा फोन आला. "केतकी, चकल्या करतेय. भाऊबीजेला डबा घेऊन ये मोठा."

"वहिनी, मला फोन उशिरा केलात तुम्ही. मुद्दाम."

पलीकडच्या कढईत काहीतरी चुरचुरत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"नाही म्हण ना," केतकी म्हणाली. "म्हण की, नाही केला उशीर."

फोन दादाने घेतला. "काय चाललंय हे? रडवलंस तिला. आईच्या बाबतीत तू आमच्यावर संशय घेतेस? वर्षभर तिचं अंथरूण काढलंय तृप्तीने!"

"यंत्र खोटं बोलत नाही, दादा. तुम्ही दोघं लाल आलात."

"लाल?" दादाला क्षणभर उमगलं नाही, मग उमगलं. "म्हणजे मला जेवायला बसवून तू तपासत होतीस? मला?" त्याचा श्वास मोठा झाला. "मग ऐक. भाऊबीजेला त्या यंत्रालाच ओवाळ." आणि त्याने फोन ठेवला.

दिवाळी तिने दिवा न लावता काढली. पाडव्याला कॉलही नव्हते. रिकाम्या हातांना चाळा हवा म्हणून तिने लॅपटॉप उघडायला घेतला. बॅटरी गरम होत होती, बसवताना काही चुकलंय का ते बघू, म्हणून. टेबलावर पांढरं फडकं पसरलं, स्क्रू काढले, सांगाडा उलटा करून टिचकी मारली. फडक्यावर लालसर भुकटी पडली.

गंज, असं तिला आधी वाटलं. मग तिने ती बोटावर घेतली. गंज नव्हता, कुंकू होतं. तिच्या घरात कुंकवाची डबी नव्हती. तिने भिंग घेतलं. नाडीपट्टीच्या खोबणीत, जिथे काच बसायला हवी होती तिथे, हळदकुंकू तळहाताच्या घामाने भिजून, वाळून, घट्ट बसलं होतं. ओढणीने पुसताना वरचं गेलं होतं आणि उरलेलं तिने स्वतःच आत दाबलं होतं.

ती खुर्चीत बसून राहिली. सगळं आपोआप उलगडत गेलं. लाल वस्तू लाल का दिसते? कारण ती बाकीचे रंग गिळते, हिरवा तर आधी. पट्टीचा हिरवा प्रकाश जाताना कुंकवातून जाणार आणि येताना कुंकवातूनच येणार, दोन्ही वेळा निम्माशिम्मा गिळला जाणार. लाट राहते, त्यामुळे कंपनीच्या लेखी माणूस जिवंत. पण लाटेची उंची घटते, आणि यंत्राला वाटतं की समोरच्याच्या रक्तवाहिन्या भीतीने आकसल्या आहेत. बिचारा माणूस निवांत बसलेला का असेना.

मग आपली रेघ हिरवी कशी येत होती? त्याचंही उत्तर तिला ठाऊक होतं, पट्टीच्या माहितीपत्रकात ते तिने वाचलंच होतं. यंत्र मालकाचा हात रोज नव्याने शिकतं. तिची लाट रोज ठेंगणी दिसायला लागल्यावर यंत्राने निमूटपणे धरून चाललं की हिची उंची एवढीच. पाहुण्याच्या हाताला मात्र ते कारखान्यात ठरलेलं माप लावायचं. म्हणजे जो येईल तो खोटा आणि मालकीण तेवढी खरी!

तिने कापसाच्या काडीला स्पिरिट लावून पट्टी स्वच्छ केली. लॅपटॉप जुळवला, तसाच उचलला आणि देशमानेकाकूंच्या दारात उभी राहिली. "काकू, इथे हात ठेवा. माझं पार्सल नाही ना तुमच्याकडे?"

"किती वेळा सांगू गं? नाही."

स्वच्छ हिरवी. काकू फराळाचं ताट आणायला आत वळल्या आणि केतकीने लॅपटॉप मिटला. डोळे मिटून, हाताला यश येऊ दे म्हणून लावलेल्या कुंकवावरून तिने वहिनीला खोटं ठरवलं होतं. त्या घराशिवाय तिचं होतंच कोण? आणि तेच तिने स्वतःच्या हाताने तोडायला घेतलं होतं.

भाऊबीजेला सकाळच्याच बसने ती सिन्नरला गेली. दार दादाने उघडलं. तो बाजूला झाला. वहिनी स्वयंपाकघरात खोबरं किसत होती. केतकी दारातच उभी राहून बोलायला लागली. कुंकू, काच, हिरवा प्रकाश, सगळं एका दमात. "चूक माझी आहे. काच घेतली नाही, नीट पुसलं नाही, आणि तुमच्यावर आळ घेतला. माफ कर मला वहिनी. दादा, तूसुद्धा."

दादा आधी तिच्याकडे बघत राहिला, मग त्याला हसू आवरेना. "म्हणजे कुंकू हिने लावलं आणि लाल आम्ही आलो? अरे देवा!" तिच्या पाठीत त्याने हलकेच धपाटा घातला. "येडी कुठली. चल, हातपाय धू."

वहिनी हसली नाही. तिने किसणी बाजूला ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

"आता साफ आहे ते?"

"हो. अगदी."

"काढ."

"नको गं वहिनी, मी माफी मागायला आले..."

"काढ म्हणते ना."

केतकीने लॅपटॉप ओट्यावर ठेवून उघडला. वहिनीने तळहात पट्टीवर ठेवला. रेघ लाल होती आणि थरथरत होती. केतकीला वाटलं, परत काही अडकलं की काय. पण या वेळी काही अडकलेलं नव्हतं.

"सकाळीच बिघडलं होतं त्यांचं," वहिनी म्हणाली.

दादाचं हसू मावळलं. "तृप्ती, काय बोलतेस?"

"बोलू दे मला. तुम्ही वर्कशॉपमध्ये होतात, जेवणही तिथेच मागवलं होतंत. मी मोबाइल हातात घेतला केतकीला लावायला, तर आईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, तिचं काम चाललं असेल, तिच्यावाचून कुणाचं ऑपरेशन अडेल. बोलावू नकोस. सारंगलाही आत्ता काही सांगू नकोस, तो धावत येईल आणि तिला फोन करेल. मला वाटलं, थोड्या वेळाने बरं वाटेल त्यांना, आधीही दोनदा वाटलं होतं. मी ऐकलं त्यांचं." ती थांबली. "ऐकायला नको होतं."

रेघ अजून लालच होती, पण थरथर कमी झाली होती.

"दुपारनंतर त्यांना आठवेनासं झालं की आपणच नको म्हटलंय. सारख्या दाराकडे बघायच्या. बाहेर रिक्षा वाजली की विचारायच्या, केतकी आली का? मी म्हणायचे, येतेय, निघालीय, वाटेत आहे. तुला तर फोनच केला नव्हता मी! आता करावा तर काय सांगू तुला, याचीच भीती वाटायला लागली. मग हे आले आणि यांनी केला." वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. "शेवटचं वाक्य तेच होतं त्यांचं. आली का. मी म्हटलं, आली. दारात आहे. मग त्यांनी डोळे मिटले."

बोलता बोलता रेघ केव्हाच हिरवी झाली होती. केतकी त्या रेघेकडे बघत राहिली. वर्षभर तिला हेच हवं होतं, खरं काय ते. आता ती हिरवी रेघ पुन्हा लाल व्हावी, वहिनीने म्हणावं की हे सगळं खोटं आहे, असं तिला जिवाच्या आकांताने वाटलं. रेघ तशीच राहिली. दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. त्यालाही हे आजच कळत होतं. म्हणजे त्या दिवशी तो खरंच बोलला होता, आणि यंत्राने दोघांनाही एकाच रंगात रंगवलं होतं.

वहिनीने हात काढला आणि लॅपटॉप केतकीकडे वळवला. "आता तू ठेव."

"मी? कशाला?"

"ठेव. आणि सांग, माझ्यावर राग नाही म्हणून."

केतकीने हात ठेवला. 'नाही' हा शब्द तिच्या ओठांवर तयार होता. माफी मागायला आलेल्या माणसाने तोच म्हणायचा असतो. पण तिच्या डोळ्यांसमोर आई होती, दाराकडे बघणारी.

"राग आहे, वहिनी," ती म्हणाली. तिला हुंदका आवरेना. "खूप राग आहे."

हिरवी.

वहिनीने सावकाश मान हलवली, जणू तिला हेच अपेक्षित होतं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "यापुढे येशील ना पण? इथे?"

केतकीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे कोणीच बघत नाहीये. वहिनी स्क्रीनकडे बघत होती. दादा जमिनीवरून मान उंचावून स्क्रीनकडे बघत होता. ती स्वतःही तिकडेच बघत होती. तिघंही रेघ कुठला रंग घेते याची वाट बघत होती.

तिने पट्टीवरून हात उचलला. रेघ नाहीशी झाली.

"येईन," ती म्हणाली.

वहिनीने दचकून वर पाहिलं. ते खरं होतं की खोटं, हे आता तिला केतकीच्या तोंडाकडे बघूनच ठरवावं लागणार होतं. ती बराच वेळ बघत राहिली.